देवकुळ्यांची गोल्फ स्पर्धा

आमच्या शेजारचे देवकुळे काका टाळ्या वाजवतात त्या बोटांच्या टोकांनी. डाव्या तळव्यावर उजवी बोटं हलकेच टेकवायची. आवाज पापड मोडल्याएवढा. माझ्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं संपली, हॉल दणाणला, आणि पहिल्या रांगेत काका गंभीरपणे पुटपुटले, "गुड शॉट!" नवरदेव दचकला. काकूंनी काकांना कोपर मारलं. हार नेमका गळ्यात पडला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

कुणी अरुंद पार्किंगमध्ये गाडी उलटी घातली, गुड शॉट. वरच्या जोशी वहिनींना मुलगी झाली, गुड शॉट. गणपतीच्या आरतीत मात्र मंडळाच्या पोरांनी हात टेकले. "काका, जरा जोरात वाजवा की राव! बाप्पा काय खेळतोय का?"

याचं मूळ चाकणला. तिथल्या गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत काका परचेसला होते. कंपनीचा परदेशी साहेब गोल्फवेडा. कंपनीच्या नावाने दर वर्षी व्यावसायिक गोल्फपटूंची स्पर्धा भरवायची, असं त्याच्या मनाने घेतलं. मीटिंगमध्ये त्याने विचारलं, गोल्फ कुणाला कळतं? सगळे टेबलाकडे बघत बसले.

"मी खोकलो," काका सांगतात, "आणि समितीत गेलो."

स्वतः काकांनी आयुष्यात एक चेंडू मारलेला नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "अरे, मांडव घालणाऱ्याने बोहल्यावर चढायचं नसतं."

पण स्पर्धेचा इतिहास ऐकावा तर त्यांच्याकडून. गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्यालाही तो पाठ आहे. पहिल्या वर्षी काकांनी होलमध्ये रोवायची निशाणं मागवली, तर सप्लायरने रेल्वेच्या गार्डाची लाल-हिरवी पाठवली. लाल निशाण दिसलं की प्रेक्षक खेळाडूला थांबायला सांगायचे. दुसऱ्या वर्षी महाळुंग्याची एक म्हैस चेंडूच्या शेजारी येऊन बसली. पंच नियमांचं पुस्तक चाळायला लागले, तोवर म्हशीची मालकीण आली. "उठवायची न्हाई तिला, गाभण हाय! तुमचा चेंडू घ्या की बाजूला!" पंचांनी मुकाट्याने चेंडू बाजूला घेतला. "निकाल नियमाला धरून होता," काका सांगतात. पुढे टीव्हीवाले आले, आणि विजेत्यावर छत्री धरलेले काका अख्ख्या देशाने पाहिले, कमरेपासून खाली. घरी ती चित्रफीत लावून ते पाहुण्यांना दाखवतात, "तो डावा पाय माझा."

मग साहेबाची बदली झाली. नव्या साहेबाला मॅरेथॉनचा नाद. स्पर्धा बंद झाली. काकांना हा शब्द चालत नाही. "स्थगित आहे," ते बजावतात. नोकरी होती तोवर दर वर्षी त्याच आठवड्यात ते रजा टाकायचे. निवृत्तीनंतर तो आठवडाभर पांढरी टोपी घालून गॅलरीत बसतात.

गेल्या हिवाळ्यात त्याच आठवड्यात मी संध्याकाळी माझ्या ऑफिसच्या बसमधून उतरलो, तर सोसायटीच्या गेटवर वॉचमन एका माणसाला अडवून उभा होता. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, पण डावा हात तेवढा गोरा. गोल्फवाले त्या हातात मोजा घालतात, हे काकांच्या कृपेने मला माहीत होतं. फ्लॅट नंबर त्याला आठवत नव्हता. "देवकुळे सर. और आंटी," एवढंच सांगत होता. मी त्याला वर घेऊन निघालो.

त्याचं नाव असीम, राहणारा कोलकात्याचा. जिन्यात मी विचारलं, "ती स्पर्धा जिंकला होता का तुम्ही?"

तो हसला. "कभी नहीं. हर साल कट मिस."

पहिले दोन दिवस सगळे खेळतात. मग मागे पडलेल्यांना गाळतात, तो कट. उरलेल्यांभोवती कॅमेरे जमायचे. गळालेले, असीम सांगत होता, आपली बॅग उचलून गेटवर येऊन उभे राहायचे. तिथे देवकुळे सर आपली जुनी मारुती घेऊन थांबलेले असत. मावतील तेवढ्यांना कोंबून चिंचवडला घरी आणायचे. आंटी गरम पिठलं-भाकरी वाढायच्या, हॉलमध्ये गाद्या घालायच्या. सकाळी सर सगळ्यांना स्टेशनवर सोडून यायचे.

इतक्या वर्षांच्या इतिहासात यातलं एक अक्षर काकांनी मला सांगितलं नव्हतं.

काकांनी दार उघडलं. क्षणभर बघत राहिले. "असीम?"

तो पाया पडला आणि त्यांच्या खांद्यावरून आत स्वयंपाकघराकडे बघायला लागला. "आंटी?"

"आंटी गेली रे," काका म्हणाले. "पावसाळ्यात. तिकडे कळवायचं राहिलं."

असीम दारातच खाली बसला, बुटाची नाडी सोडायच्या निमित्ताने. ती बराच वेळ सुटत नव्हती. मग खालमानेने म्हणाला, "पुणे में दूसरा टूर्नामेंट खेलने आया था, सर. आखरी बार. आज कट मिस हुआ. पाँव अपने आप इधर आ गए."

काकांनी त्याची बॅग उचलून आत ठेवली.

"हात धू," ते म्हणाले. "तिच्यासारखं जमत नाही मला. गुठळ्या होतात." मग माझ्याकडे वळून, "तूही थांब रे."

आम्ही त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर एकट्यापुरतं, वाटीच्या तळाशी बेसन काढून ठेवलेलं होतं. काकांनी डबा खाली घेतला, ती वाटी आत बुडवली आणि शिगोशीग भरून बाहेर काढली.