पायावर आखलेली हद्द

गजभियेकाका माणसांच्या अंगावर बॉलपेनने लिहितात. परवानगी विचारत नाहीत. कोणाच्या कोपराला गळू आलं, कोणाचा गुडघा सोलवटला, डास चावून हात सुजला, की काकांच्या खिशातून निळं पेन निघालंच. लाल झालेल्या जागेच्या कडेने ते रेघ फिरवतात, बाजूला वेळ लिहितात आणि म्हणतात, "चलो, हद्द आखली. आता पाहू, आत राहते का बाहेर निघते."

जबलपूरच्या चेरीताल भागातल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे पटवारी म्हणतात. पटवारी शेताची हद्द मोजतो, हे गळवाची. काकांना हे नाव ठाऊक आहे आणि त्यांची हरकत नाही. "पटवारीले लोक घाबरतात तरी," ते म्हणतात. "मले कोण घाबरते?"

ते सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. नोकरीभर जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, आधी सिहोऱ्याला, मग जबलपुरात. रिटायर झाले आणि काम घरी घेऊन आले. एकटेच राहतात. मुलगी रायपूरला असते. फोनवर काका मराठीत बोलतात, ती हिंदीत उत्तर देते, नातवंडं नुसतं "हाँ नानाजी" म्हणतात.

मागच्या वर्षी समोरच्या तिवारींच्या मुलाचं लग्न होतं. वरात निघायच्या वेळी नवरदेवाच्या हनुवटीवरची पुटकुळी काकांच्या नजरेला पडली. कोणीतरी ती चेपली होती आणि भोवती लाल झालं होतं. लोक अडवायच्या आत रेघ फिरली. तिवारीणबाई रडकुंडीला आल्या. "फोटो खिंचना है, काकाजी."

"फोटो तो खिंचते रहेंगे, भाभीजी. चेहरा एक ही है."

तीन दिवसांत पुटकुळी गेली. अल्बममध्ये मात्र नवरदेव सेहरा, हार आणि हनुवटीवर 'सव्वाअकरा' असा उभा आहे.

घरगुती उपायांवर त्यांचा विशेष राग. कोणी जखमेवर हळद आणि मोहरीचं तेल लावलेलं दिसलं की विचारतात, "जखम आहे का भाजी? जिरं काहून नाही टाकलं?" आमच्या भिंतीवर पावसाळ्यात ओल आली, तेव्हा तिच्याभोवतीही त्यांनी रेघ ओढून तारीख टाकली होती. भिंतीचं मी समजू शकते. पण एकूण माणूस निरुपद्रवी आणि थोडा वैताग आणणारा, असं माझं मत होतं. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. दिवसभर लोकांचे अर्ज तपासल्यावर घरी कोणी आपल्याला तपासलेलं आवडत नाही.

या हिवाळ्यात नागपूरला नवऱ्याच्या भाच्याचं लग्न निघालं. मी नवी चप्पल घेतली आणि ती दोन दिवस आधीपासून घालून पाहिली. चप्पल चावली. घोट्यामागे चणाडाळीएवढं सालटं गेलं. मला शुगर आहे. गोळ्या वेळेवर घेते आणि बाकी त्याचं कौतुक करत नाही. निघायच्या दिवशी, रविवारी सकाळी, फाटकाशी पालेभाजी घेत होते, तर काका समोरून आले.

"ताई, लंगडून काहून राहिल्या?"

"काही नाही हो. चप्पल लागली."

"अच्छा. दाखवा."

"काका, साडेचारची गाडी आहे. मला वेळ नाही."

"मले आहे ना," म्हणत ते फाटकातच खाली बसले. घोटा लाल होता, गरम होता आणि थोडा सुजलाही होता. भाजीवाल्या भैयाच्या देखत त्यांनी रेघ ओढली आणि लिहिलं, नऊ चाळीस. मी सांगितलं की काळजी नको, नवऱ्याच्या दाढेच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्या होत्या, त्यांतली एक सकाळीच घेतली आहे.

काका उठून उभे राहिले. "दाढेची गोळी पायाले काय वळखते? आणि चार गोळ्यांनी जंतू मरत नाही ताई, हुशार होते. आणा ती पत्ती इकडे." उरलेल्या तीन गोळ्या त्यांनी खिशात घातल्या. "आत्ताच चला दवाखान्यात." मी नाही म्हणाले. "मग दोन वाजता येतो," ते म्हणाले.

बारा वाजता मला थंडी वाजायला लागली. मी स्वेटर घातला आणि पिशव्या भरल्या. दोन वाजता काका आले ते ऑटो घेऊनच. सलवार वर केली, तर लाली रेघेच्या बाहेर चार बोटं वर चढली होती. त्यांनी दुसरी रेघ ओढली आणि दोनची वेळ टाकली.

"काका, तिकीट कन्फर्म आहे," मी म्हणाले.

"पाय कन्फर्म नाही ना. बसा."

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, दोन्ही वेळा वाचल्या आणि लगेच भरती करायला सांगितलं. मग विचारलं, "ये किसने बनाया?" काका दारामागे उभे होते. "मैंने, मॅडम. ड्रेसर था." त्या त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "चार घंटे में इतना. अच्छा हुआ आपने देखा." मला त्यांनी सरळ सांगितलं. सालटं गेलेल्या जागेतून जंतू कातडीखाली शिरले होते, शुगरमुळे त्यांना रान मोकळं होतं. मी गाडीत बसून नागपूर गाठलं असतं, तर उद्या पाय वाचण्याची खात्री त्या देऊ शकल्या नसत्या. रक्तात विष पसरलं असतं, तर नुसत्या पायावर भागलंही नसतं.

सहा दिवस सलाईनमधून औषध चाललं. काका रोज सकाळी भेटायच्या वेळेला येत आणि लाली जिथवर मागे सरली असेल तिथे नवी रेघ ओढत. नर्स दीदी चिडायची, "बाबूजी, ये स्लेट नहीं है." शेवटी माझा पाय झाडाच्या कापलेल्या खोडासारखा दिसत होता, वर्तुळात वर्तुळ. घरी आल्यावर ते सकाळ-संध्याकाळ गोळी घेतली का ते विचारायला येत. बरं वाटतंय म्हटलं तरी एकही गोळी सोडू दिली नाही. शेवटची गोळी मी त्यांच्यासमोर गिळली आणि दुसऱ्या दिवसापासून काका यायचे बंद झाले.

आठवडाभर मी वाट पाहिली. मग खोव्याची जलेबी घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडून त्यांनी आधी पायाकडे पाहिलं.

"वापस आलं काय?"

"नाही. पाय ठणठणीत आहे."

"भाऊसाहेबाले काही?"

"तेही बरे आहेत." भाऊसाहेब म्हणजे माझा नवरा.

"मग?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. मी म्हणाले, बसायला आले. त्यांनी घाईने खुर्चीवरचे पेपर उचलले, कुठे ठेवावेत ते सुचलं नाही, म्हणून मांडीवर घेऊन समोर बसले. आभार कसे मानावेत ते मला येत नाही. मी सरळ म्हणाले, "काका, पाय तुमच्यामुळे राहिला."

ते बराच वेळ पेपरांच्या घड्या घालत होते. मग म्हणाले, "ड्रेसिंगरूममधी पहिल्या दिवशी कोणी येतच नाही, ताई. दहाव्या दिवशी येते. चुना लावून, पाला बांधून. तवर पाय काळा झाला असते. साहेब कापत, मी रोज पट्टी बदलो. लोक मले हात जोडत. मी मनात म्हणो, बापा, नऊ दिवस कुठं होता? रिटायर झाल्यावर म्हटलं, आपणच जाऊ लोकाइकडे. तर सगळ्या पुटकुळ्याच निघाल्या. पहिल्या दिवशीचा खरा पाय एकच भेटला. तुमचा. बरं केलं, दाखवला."

दाखवला कुठे होता, त्यांनी धरून पाहिला होता. चहा झाला. निघताना काका फाटकापर्यंत आले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "काही झालं नसलं तरी येत जा."

आता दर रविवारी मी जाते. ते दार उघडतात, आधी पाय बघतात, मग चेहरा. मी स्वतःच घोटा पुढे करते. तो नीट पाहून झाल्याशिवाय त्यांना चहा टाकायचं सुचत नाही.