मागच्या सीटचं माप

शोरूमच्या मालकाच्या पँटमध्ये एक टाचणी.

टेबलफॅन. समोरून, तीन नंबरवर.

शिलाई मशीनचं पेडल, त्यावर हेल्मेट घातलेल्या माणसाचा पाय.

लग्नाचा फोटो. नवरदेवाच्या पायाखाली लाकडी खोकं. फोटोग्राफरनं ते फुलांच्या कुंडीमागं लपवलंय, पण नीट लपलेलं नाही.

सासरे खाली उतरायला तयार नाहीत.

हे सगळं एका मोटारसायकलीपायी, आणि ती तोवर घेतलेलीसुद्धा नव्हती. फोटो तेवढा जुना.

घर शिंप्याचं. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. मास्तरांची इच्छा एकच होती: डोंगर ओलांडून पार समुद्रापर्यंत मोटारसायकलवरून जायचं, आणि मागं बायको असली पाहिजे. मागच्या खेपेला दोघं घरातल्या जुन्या स्कूटरवरून निघाले होते. पहिल्याच चहाच्या थांब्यावर बायको "पाठ गेली" म्हणत उतरली आणि समोर उभ्या असलेल्या बसमध्ये जाऊन बसली. मास्तर संध्याकाळी पोचले तेव्हा ती आंघोळ करून हॉटेलच्या गॅलरीत केस वाळवत होती. "आलात? रस्ता कसा होता?" असं तिनं विचारलं. ते मास्तरांच्या जिव्हारी लागलं होतं.

बायको वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागं बसायची. खुर्चीची तिला चांगलीच पारख होती. "माझ्या ऑफिसातल्या खुर्चीपेक्षा बरी जागा असली तर येईन," ती म्हणाली. "नाहीतर मी आपली बसनं जाते. तुम्ही या मागनं."

"शेवटचं विचारतोय हं."

"मी पण शेवटचंच सांगतेय."

म्हणून दोघं शोरूममध्ये गेले. सेल्समननं एका उंच गाडीच्या टाकीवर प्रेमानं हात फिरवला.

"साहेब, अ‍ॅडव्हेंचर टूरिंगमध्ये हिला तोड नाही. दगडातून घाला, चिखलातून घाला, ओढ्यातून घाला."

"आणि मागच्या माणसाला?"

"त्याला कुठं घालायचं?"

"बसवायचं कुठं, म्हणतोय मी."

"हा काय, इथं. थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्यायचं."

हे वाक्य मास्तरांनी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला ऐकवलं नव्हतं. त्यांनी गळ्यातला टेप काढला. सीटची लांबी, रुंदी, उतार, पाय ठेवायच्या दांडीपर्यंतचं अंतर, जमिनीपासूनची उंची, सगळं घेतलं. मग बायकोला मागं बसवून तिचं घेतलं.

"पाठ सरळ. श्वास सोड."

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. श्वास सोड."

"साहेब, तुम्ही एकदा पुढं बसून बघा ना," सेल्समन म्हणाला. "तुमची उंची जरा..."

"माझं काय, मी कसाही बसेन. आधी हिचं होऊ दे."

बायको उतरली तेव्हा मास्तरांना सीटच्या कव्हरवर उजव्या बाजूला झोळ दिसला. झोळ दिसला की त्यांचा हात त्यांना विचारत नसे. खिशातल्या तीन टाचण्या त्यांनी ओठांत धरल्या, त्यातली एक झोळाला लावली, चार पावलं मागं सरकून डोळे बारीक करून बघितलं, आणि सेल्समनच्या मागोमाग दुसरी गाडी बघायला गेले. तेवढ्यात शोरूमचे मालक आले. त्यांना कुणाबरोबर तरी फोटो काढायचा होता. ते त्या गाडीवर बसले आणि बसले त्याच्या दुप्पट वेगानं उठले.

"कुणी? कुणी केलं हे?"

मास्तरांच्या ओठांत अजून दोन टाचण्या होत्या, त्यामुळं त्यांना नाही म्हणता आलं नाही.

"उजवीकडं झोळ होता," त्या काढून ते म्हणाले.

"बाहेर!"

मास्तर दारापर्यंत गेले, वळले, मालकांच्या पँटकडं बघत म्हणाले, "मागची शिवण उसवलीय. पाठवून द्या, लगेच करून देतो."

त्यानं काही फरक पडला नाही. गावातलं दुसरं शोरूम मालकांच्या सख्ख्या भावाचं होतं. तिथं वॉचमननं गळ्यातल्या टेपवरूनच मास्तरांना ओळखलं.

आता कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मास्तरांकडं मापं होती, आणि माप हातात असलं की त्यांना दुकानाची गरज वाटत नसे. भारी कापडाला कात्री लावण्याआधी ते जुन्या चादरीचा कच्चा कोट शिवून गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचे. गाडीचीही आधी ट्रायल घ्यायची ठरली.

सुताराकडून त्याचा फळ्या कापायचा लाकडी घोडा आला. सोफ्याच्या गादीतून फोम आला. हँडल म्हणून टॉवेल वाळत घालायची दांडी आली. सीट जमिनीपासून अगदी गाडीइतकीच उंच. घोडा घरापुढच्या दुकानातल्या दोन मोटरच्या शिलाई मशीनांच्या मधोमध उभा करून दोन्हींना दोरीनं आवळला, म्हणजे पेडल दाबलं की सगळं थरथरणार. मास्तरांचे पाय पेडलपर्यंत पोचेनात, म्हणून पेडलं लाकडी खोक्यांवर ठेवली. यात त्यांना विशेष काही वाटलं नाही.

"निघायचं?"

"थांबा, गॅस बंद करून येते."

हेल्मेटं घालून, पंखा लावून दोघं निघाले. पहिल्या संध्याकाळी बायको डोंगराच्या पायथ्याशीच उतरली. डावीकडं टोचत होतं. मास्तरांनी टाके उसवले, फोम तासला, आत मऊ अस्तर घातलं. दुसऱ्या संध्याकाळी जरा पुढं गेले.

"खड्डा!" मास्तर ओरडायचे आणि पेडलवरचा पाय झटकन काढायचे. सगळं गचकन थांबायचं आणि बायकोचं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर आपटायचं.

"अहो, ब्रेक हळू मारा ना."

"खरी गाडी अशीच थांबते."

एकदा कोटाचं गिऱ्हाईक आलं आणि दारातच उभं राहिलं.

"मास्तर, माझा कोट?"

"उद्या या. दोन्ही मशीनं घाटात आहेत."

अशात सासरे आले. मुक्काम एका रात्रीचा होता. सहज म्हणून ते मागच्या सीटवर बसले आणि तिथंच राहिले. ताट तिथं, बातम्या तिथं.

"बाबा, उतरा आता. पाठ दुखेल," बायको म्हणाली.

"दुखायची थांबलीय म्हणूनच बसलोय. जावईबापू, जरा वेग वाढवा."

सासरे अंघोळीला उतरले की तेवढ्यात नवरा-बायको चढायचे. मास्तरांनी टाके घातले, काढले, पुन्हा घातले. आणि मग एका संध्याकाळी, डोंगर ओलांडून थोडं पुढं गेल्यावर, बायकोचं डोकं मास्तरांच्या पाठीवर टेकलं. ती झोपली होती.

मास्तर दगडासारखे ताठ बसले. पेडल सोडावं तर ती जागी होणार. पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. सासरे टॉवेल गुंडाळून दारात आले, बघितलं आणि पंखा एक नंबरवर आणला.

"सांभाळून," ते कुजबुजले. "उतार आहे."

सीट ठरली. आता तिच्याखाली गाडी हवी होती. मास्तरांना शोरूम बंद, म्हणून रजेच्या दिवशी बायको एकटीच गेली आणि तीच पहिली, उंच गाडी ठरवून आली. पुढच्या आठवड्यात दारात इंजिनाचा आवाज झाला.

"आली हो गाडी," हातातलं हेल्मेट खुंटीला लावत बायको म्हणाली. तिचे केस डोक्याला चपटे बसले होते. गाडी कुणी आणली हे विचारायचं मास्तरांच्या ध्यानात आलं नाही. ते सीटच्या कडेला शेवटची टीप मारत होते.

निघायच्या दिवशी गल्ली गोळा झाली. नवी सीट चढवली, बॅगा बांधल्या. आधी बायको मागं बसली. कव्हरवर सुरकुती नाही, झोळ नाही.

"कसं वाटतंय?"

"अंगावर शिवल्यासारखं."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून खिशात घातला. ते पुढं चढले, हँडल धरलं आणि पायानं जमीन शोधू लागले. जमीन होती, पण खाली होती. गाडी सावकाश डावीकडं कलली. सासऱ्यांनी आणि कोटाच्या गिऱ्हाइकानं ती धरली. मग उजवीकडं कलली. दुकानातली खोकी आणून पायांखाली ठेवली, तेव्हा मात्र ठाकठीक बसली. पण खोकी काही गाडीबरोबर येईनात.

"तुमचं माप घेतलं होतं ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"माझं?" मास्तर म्हणाले.

स्वतःच्या पँटी ते अंदाजानं कापायचे आणि खालून दुमडायचे. त्यांचं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं. घेणार कोण, मास्तर तेच होते.

मास्तर गाडीवरच बसून होते, दोन्ही पाय अधांतरी. त्यांना बस दिसत होती, आणि गॅलरीत केस वाळवणारी बायको.

बायको खाली उतरली. "सरका मागं."

"म्हणजे?"

"मागं सरका. बाबा, नीट धरा."

ती पुढं बसली. तिचे दोन्ही तळवे जमिनीवर टेकले.

"अगं, पण पुढची सीट कंपनीची आहे. तुझी पाठ..."

"सीटनं कुठं दुखत होती? तुमच्या ब्रेकनं दुखायची."

"मग सांगायचंस की!"

"सांगितलं. खरी गाडी अशीच थांबते म्हणालात."

तिनं गियरवर पाय न आपटता, कसलाही झटका न देता गाडी काढली. कोपऱ्यावर कुत्रं आडवं आलं तेव्हा गाडी अशी थांबली की मास्तरांना ती थांबल्याचं कळलंसुद्धा नाही. डोंगर सुरू व्हायच्या आधीच त्यांचं डोकं बायकोच्या पाठीवर टेकलं. चहाच्या थांब्यावर तिनं त्यांना उठवलं नाही. गाडी तिरक्या स्टँडवर लावून, एका हातानं त्यांची कॉलर धरून ती उभ्याउभ्याच चहा प्यायली. शेजारी बस लागली होती. तिकडं तिनं बघितलं नाही.

दुकानात सासरे घोड्यावर चढले, पंखा लावला आणि कोटाच्या गिऱ्हाइकाला पुढं बसायला सांगितलं.

जुनी स्कूटर बायकोची होती. लग्नाआधी ती तिच्यावरूनच ऑफिसला जायची.