शाश्वत गळती

पद्माकर ओगले याची नेमणूक तेल गळवण्यासाठी झाली होती. नेमणूकपत्रात हुद्दा 'वारसा-द्रवप्रणाली अभियंता' असा होता, पण काम तेच. पुण्यातल्या कारखान्यात चौदा वर्षं त्याने गळती थांबवण्याचं काम केलं होतं. तेव्हा विषय ओळखीचा आहे, असं मुलाखतीत गृहीत धरण्यात आलं.

प्रकरण असं होतं. पेंडलबरी नावाची एक जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार होती. तिच्यात दोन माणसं बसत, तीही एकमेकांवर प्रेम असेल तरच. पावसात छत गळायचं, उन्हात इंजिन तापायचं आणि उभी करावी तिथे तेलाचं थारोळं. कंपनी बुडाली त्याला चाळीस वर्षं झाली. आता ते नाव शांघायच्या एका गृहस्थांनी विकत घेतलं होतं, भांडवल आखातातून आलं होतं, सॉफ्टवेअर हिंजवडीत लिहिलं जात होतं आणि गाडी जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या एका सल्लागार कंपनीत तयार होत होती. इंग्लंडचा वाटा म्हणजे बॉनेटवरचा पितळी बिल्ला. तोही पोलंडमध्ये ओतलेला.

नवी पेंडलबरी विजेवर चालणार होती. विजेच्या गाडीत इंजिनच नाही, तर त्याचं तेल कुठून गळणार? पण पाहणीत ऐंशी टक्के चाहत्यांनी ठणकावून सांगितलं, की गळत नाही ती पेंडलबरी नव्हे. तेव्हा लास्टेनहेफ्टमध्ये, म्हणजे गाडीकडून काय काय हवं ते लिहिलेल्या जाडजूड वहीत, रीतसर कलम आलं : गळती – तासाला चार थेंब, अधिक-उणे अर्धा.

"अर्धा थेंब मोजायचा कसा?" पद्माकरने विचारलं.

"काळजीपूर्वक," विभागप्रमुख फ्राऊ डॉक्टर क्लाइनश्मिट म्हणाल्या.

पद्माकरने एक टाकी बसवली, तिला पंप जोडला, थेंब पडू लागले. मग पर्यावरण खात्याचा माणूस आला. जमिनीवर तेल सांडणं हा गुन्हा, म्हणून गाडीखाली ट्रे आला. ट्रेमधलं तेल फेकणं ही नासाडी, म्हणून ते परत टाकीत खेचणारा दुसरा पंप आला. दोन पंपांना वीज लागते, म्हणून बॅटरी मोठी झाली. गाडी नव्वद किलोंनी जड झाली आणि तिला 'शाश्वत गळती'चं हिरवं प्रमाणपत्र मिळालं.

पद्माकरची प्रोबेत्साइट महिनाअखेरीला संपत होती. सहा महिन्यांची ही उमेदवारी पार पडली की नोकरी कायम. नाही पडली तर फ्लॅट, व्हिसा, लेक अन्वीची शाळा, सगळंच अधांतरी. आणि ती पार पडणार की नाही, हे गाडीच्या अंतिम तपासणीवर, म्हणजे त्या चार थेंबांवर ठरणार होतं.

"लोकांच्या गाड्या गळवत फिरतोयस," त्याची बायको विभावरी म्हणाली, "आणि आपल्या बाथरूमचा नळ महिनाभर गळतोय तो?"

"तो ऑथेंटिक आहे."

"पापा, दान इस्ट एस डोख कापुट!" आठ वर्षांच्या अन्वीने जर्मनमध्ये निकाल दिला. मग ती गाडी बिघडलेलीच आहे की!

"बिघडलेली नाही गं. बिघडवलेली आहे. त्याला जास्त पैसे पडतात."

तपासणीच्या दिवशी शोभेसाठी इंग्लंडहून क्रॅबट्री नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या आजोबांना आणण्यात आलं होतं. मूळ कारखान्यातले ते शेवटचे हयात फिटर. त्यांनी ट्वीडचा कोट घालून फोटोत उभं राहायचं, एवढंच ठरलं होतं. पण मंडळी कॉफीला गेली आणि आजोबा गाडीपाशी एकटे राहिले.

पद्माकर परतला तेव्हा आजोबांच्या बाह्या वर होत्या, हात काळे होते आणि चेहरा उजळलेला होता. "एकवीस वर्षं मी ही गळती थांबवायला झटलो," ते म्हणाले. "आज जमलं!" निमंत्रणपत्रिका कापून त्यांनी वॉशर बनवला होता आणि तो असा चिकटवला होता की तेलाचा टिपूस नाही.

तपासणी समिती यायला सात मिनिटं होती. वॉशर काढायचा तर गाडी उघडायला हवी. उघडायची तर लेखी परवानगी हवी. आणि परवानगी देणारे गृहस्थ सुट्टीवर मायोर्काला. शिल्लक तेल 'घातक द्रव्यं' लिहिलेल्या कपाटात होतं. किल्ली मायोर्काला.

पद्माकरने आपला डबा उघडला. विभावरीने दिलेल्या कैरीच्या लोणच्यावर बोटभर तेल तरंगत होतं. तो चमचा घेऊन गाडीखाली शिरला आणि ट्रेमध्ये चार थेंब सोडले. अधिक-उणे अर्धा.

समिती आली. चाहतामंडळाचे अध्यक्ष, म्युनिकचे दंतवैद्य, ट्रेशी गुडघे टेकून बसले. त्यांनी थेंबाला बोट लावलं, हुंगलं आणि भावनेच्या भरात जिभेला लावलं. त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्या वडिलांचं गॅरेज..." ते एवढंच बोलू शकले. मग त्यांनी पाणी मागितलं.

अहवालात नोंद झाली : गंध व चव, अपेक्षेहून अस्सल. दोन्ही कलमं लास्टेनहेफ्टमध्ये सक्तीची झाली. विभावरीला दरमहा चाळीस लिटर लोणच्याच्या तेलाची ऑर्डर गेली. कैऱ्या मात्र पुरवठादाराने फेकून द्याव्यात, अशी अट होती. क्रॅबट्री आजोबांना पुष्पगुच्छ मिळाला, आणि पुन्हा पेंडलबरीला हात न लावण्याची लेखी समजही.

आणि पद्माकरची नोकरी कायम झाली.

"गेनाऊ, अगदी असाच माणूस आम्हाला हवा होता, हेर ओगले," फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पुढची वही त्याच्यासमोर ठेवली. शांघायच्या गृहस्थांनी आता भारतातली एक जुनी स्कूटर घेतली होती. तीही विजेवर चालणार होती. कलम एक : पहिल्या तीन किकांना सुरू होता कामा नये. कलम दोन : डावीकडे बत्तीस अंश कलवल्याशिवाय चौथ्या किकलाही नाही. किंमत साडेचार लाख. पुण्यात नोंदणी दोन तासांत भरली, तीही बहुतेक अशा सुजाण लोकांनी, ज्यांना पेंडलबरीच्या चाहत्यांचं भयंकर हसू आलं होतं.

राहता राहिले आपण, वाचकहो. "छे, डावीकडे नाही, उजवीकडे कलवायची!" असं आत्ता मनात आलं असेल, तर तुमचं नाव प्रतीक्षायादीत घेतलेलं आहे.