पोटात घाला!

एका जंगलात एक चर्च होतं. जंगलात चर्च कसं, असं विचारायचं नाही. गोष्ट माझी आहे. गप्प बसा आणि ऐका.

चर्चच्या कौलात नातालबाई साळुंकी राहायची. दर रविवारी तिच्या कानावर फादरचं प्रवचन पडायचं. फादर सांगायचे, "जुने ख्रिस्ती पंडित बायबलातल्या म्हणींचा वरवरचा अर्थ घेत नसत. म्हणीत घर आलं, की ते म्हणत हा आत्मा. मध आला, की म्हणत ही देवाची वाणी." नातालबाईला हे भारी आवडलं. मग काय, तीही अर्थ काढू लागली.

एके दिवशी बस्त्याव नावाचं खवले मांजर चर्चच्या भिंतीलगतच्या वारुळापाशी आलं. खवले मांजर वारुळात लांब जीभ घालून मुंग्या खातं, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर आता झालं. त्याच्या आजोबांनी मरताना एक म्हण सांगितली होती : 'भूक लागली की वारुळाकडे जावं.'

बस्त्यावनं नखं परजली. आत हजारो मुंग्या आणि त्यांची पिल्लं. मुकादमीण मुंगी वर बघून ओरडली, "नातालमावशी, धावा! काहीतरी अर्थ काढा!"

नातालबाई खाली उतरली. "थांब रे मेल्या! म्हण अशी वाचतात होय? भूक म्हणजे ज्ञानाची भूक. वारूळ म्हणजे भक्तांचा मेळा. जावं म्हणजे मनानं जावं."

"आणि जीभ?"

"जीभ देवाच्या स्तुतीसाठी. ती आत घालायची नसते."

बस्त्यावचे डोळे भरून आले. "अगं बाई! आमचे आजोबा एवढे विद्वान होते? मी त्यांना नुसते खादाड समजत होतो!"

तो तिथंच बसला आणि गाऊ लागला. एक दिवस गेला. दोन गेले. तिसऱ्या दिवशी आवाज बसला, खवले सैल झाले. तरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुंगीला तो हात जोडून म्हणे, "देव तुझं भलं करो, ताई."

मुकादमिणीला हे बघवेना. मुंगी झाली म्हणून काय, तिला काळीज नाही? वीस मुंग्या घेऊन ती बस्त्यावपुढे उभी राहिली. रडतच म्हणाली, "दादा, आम्ही तुम्हाला फसवलं. तो अर्थ खोटा. आजोबा खादाडच होते. आमचा अपराध पोटात घाला!"

बस्त्यावनं मान वर केली. "पोटात घालू?"

"घाला, दादा."

"यातही गूढ अर्थ आहे का, ताई?"

"छे छे! आता गूढबिढ काही नाही. अगदी सरळ!"

बस्त्यावनं जीभ बाहेर काढली. एकवीसच्या एकवीस अपराध पोटात गेले. बाकीच्या मुंग्यांनी त्याच दुपारी वारूळ हलवलं.

"अरे, पोट म्हणजे हृदय!" नातालबाई कौलावरून ओरडली. पण बस्त्याव ढेकर देत होता, त्याला ऐकू आलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं, आणि सरळ बोलावं. फक्त समोरच्याचं जेवण झालंय का, ते आधी विचारावं.