शेरा लिहा, मंग जा

आमच्या घरात वर्षातून एकदा एक कार्यक्रम होये. बुढी आत थाळी वाजवे, अन् मी बाहेर रस्त्यावर उभा राहून 'ऐकू आलं नाई' असं सांगावं. पहिल्या वेचणीचा कापूस घरी आला का त्याच दिवशी.

शेवटचा कार्यक्रम दसऱ्याच्या दोन दिवस आधी झाला. कापूस थोडाच होता. आम्ही दोघांनी तो कापसाच्या खोलीत ओतला. मंग ती म्हणे, "जा जी बाहेर." मी चपला घातल्या अन् समोरच्या लिंबाखाली जाऊन उभा राह्यलो. आत तिनं जर्मनची थाळी अन् उलथनं घेऊन असा ठणठणाट केला का समोरच्या घरची बसलेली म्हैस उठून उभी राह्यली.

"आलं का काही ऐकू?" तिनं आतून विचारलं.

"नाई आलं," मी म्हणलं.

"पाहा मंग," म्हणत ती पदरानं तोंड पुसत बाहेर आली. एवढी खुश, जशी थाळी नाई, कोर्टातली केस जिंकली.

माह्या बायकोचं नाव कौसल्या. मी बुढीच म्हणो. ती पंचवीस वर्षांची होती तवाही बुढीच म्हणो, काऊन का डोकं बुढीचं होतं. थाळीचं कारण सांगतो, नाईतं तुम्ही दोघांलेही येडं समजसान.

आमचं घर पुलगाव-देवळीच्या मधात, एका बारक्या गावात आहे. वाडा नाई, हवेली नाई. मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, मधात कापसाची खोली. इंग्रजाच्या राज्यात माह्या आज्यानं त्या खोलीत हातानं फिरवायचं छापायचं मशीन लपवलं होतं. पुलगावची चार-पाच पोरं येत अन् सरकारच्या विरुद्धचे कागद छापत. तेही दिवसाढवळ्या. खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, मधात कोरून मशीनपुरती जागा. कापूस आवाज गिळून टाकते. बाहेर ओट्यावर पोलीस पाटील पान खात बसे, आत मशीन चाले, त्याले पत्ता नसे. काम झालं का पोरं शाईचे हात भिंतीले पुसत. त्या भिंतीवर सहा हात उमटले होते. काळे, पंजे पसरलेले. त्यातल्या एका हाताले चारच बोटं. तो माह्या आज्याचा. आज्याचं एक बोट जिनात सरकी काढायच्या रेच्यात गेलतं.

मी हे पाळण्यात होतो तवापासून ऐकलं, म्हणून मले त्याचं काही वाटे नाई. बुढीनं मात्र लग्न होऊन आली त्या हप्त्यात माह्या मायजवळून ऐकलं अन् तिच्या अंगात घुसलं. घर आमचं, आजा आमचा, पण अभिमान सारा तिचा. थाळी वाजवे ते याच्याचसाठी, कापूस अजून आवाज गिळते का नाई ते पाहायले. दर दिवाळीले मी चुन्याची बादली घेतली का ती कापसाच्या खोलीच्या दारात झाडणी घेऊन उभी. "या तीन भिंती मारा. चौथीले हात लावसान तं माह्याशी गाठ आहे." पन्नास दिवाळ्या ती भिंत तशीच राह्यली.

तिचा एक शब्द होता, नोंद. "नोंद पायजे जी. लिहिलं तं राह्यते, नाईतं हवेत जाते." हे खूळ शाळेतून आलं. ती शाळेत खिचडी शिजवे. एकदा तपासणीचे साहेब आले, खिचडी खाल्ली अन् शाळेच्या शेरेबुकात लिहून गेले, 'खिचडी उत्तम.' पुढच्या महिन्यात कोणीतरी तक्रार केली का खिचडी कच्ची राह्यते. मुख्याध्यापकांनी शेरेबुक उघडून दाखवलं, तक्रार खतम. बुढी घरी येताना लांब वही घेऊनच आली. कव्हरावर लिहिलं, 'घर पाहायले आलेल्यांचे शेरे.' सुतळीनं पेन बांधला अन् वही दारामागच्या खुंटीले टांगली.

घर पाहायले कोण येते? कोणी नाई. म्हणून जो येईल त्याले ती पाहायले लावे. कापसाच्या खोलीच्या बाहेर चपला काढायच्या. आत हळू बोलायचं. हात दाखवून झाले का ती दार अडवून उभी राहे, "शेरा लिहा, मंग जा."

मीटरवाल्यानं लिहिलं, 'मीटर पाहिला, खोली पाहिली. दोन्ही ठीक.' पोलिओच्या नर्सबाईनं लिहिलं, 'घरात पाच वर्षांखालील कोणी नाही. घर मात्र फार जुने.' एक निवडणुकीचा उमेदवार मत मागायले आला, तो लिहून गेला, 'निवडून आल्यावर पुन्हा येऊन पाहू.' तो निवडून आला. वर्षभर वाट पाहून बुढीनं खाली लाल पेनानं लिहिलं, 'आले नाही.'

पोरीले पाहायले हिंगणघाटचे पाव्हने आले, तं पोरगी आत साडी नेसून बसलेली अन् ही अगोदर त्याहिले कापसाची खोली दाखवून राह्यली. पोहे थंडे झाले. पोराच्या बापानं शेरा लिहिला, 'मुलगी पसंत. खोली अंधारी.' तिले दोन्हीचा आनंद झाला. म्हणे, "पाहा, खोली तं पाह्यली ना त्याहिनं."

ही गंमत तुम्हाले सांगतो तेवढी मले तवा वाटे नाई. खरं सांगतो, मले ते घर नको होतं. दर मिरगाच्या आधी वर चढून कवेलू फेरा, वानरांनी फोडलेले बदला, भिंतीले माती लिंपा. माही कंबर त्या घरानं खाल्ली. मले स्लॅब पायजे होता. त्यावरून आमचं भांडण होये अन् मी म्हणो, "तू वहीशीच लग्न करायचं होतं." ती म्हणे, "वहीत तुमी कधी एक ओळ तं लिहा." मी म्हणो, "मी का पाव्हना आहो?" चवथीपर्यंत शिकलेला माणूस, माहं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेली. मी कधी लिहिलं नाई. वही उघडूनही पाह्यली नाई. जे शेरे वर सांगितले ते तिनंच मले जेवताना वाचून दाखवलेले.

दोन वर्षांमागं तिले कळलं का जुन्या घरांची सरकारी यादी होऊन राह्यली. यादीत नाव लागलं का घराले वारसा म्हणतात, दारावर पाटी लागते, कोणाले पाडता येत नाई. मंग काय पाहता. ग्रामपंचायतीचा ठराव घेतला, अर्ज केले, बसनं वर्धेच्या चकरा मारल्या. छातीत दुखे तरी जाये. शेवटी मे महिन्यात चिठ्ठी आली का तीन जणांची कमिटी घर पाहायले येणार.

कमिटी यायच्या तीन दिवस आधी तिच्या छातीत जास्त दुखलं. पोरगी तिले घेऊन सेवाग्रामले दवाखान्यात गेली. दोन दिवस ठेवलं. घरी मी एकटा.

मागं आमच्या गावात स्वच्छतेची कमिटी आलती. तवा ज्याच्या घराले चुना होता त्याले नंबर भेटला. आमची एक भिंत काळी पाहून त्या साहेबानं नाक मुरडलं होतं. मले ते ध्यानात होतं. आयुष्यभर तिच्या मनासारखं काही केलं नाई, आता तिचं नाव लागू दे, असं मनात आलं. मी पुलगावातून चुना आणला, त्यात नीळ टाकली, अन् त्या भिंतीले दोनदा मारला. भिंत अशी चमकली का मले वाटलं, आता घराले पयला नंबर.

हाताचं मले माहीत नव्हतं असं म्हणत नाई. माहीत होतं. पण मले वाटलं, कमिटी म्हणजे कमिटी, सारख्याच असतात.

बुढी दवाखान्यातून आली ते कमिटीच्या दिवशी सकाळी, अन् मागोमाग साहेबांची जीप. खोलीत जायले तिले वेळच भेटला नाई. तिनं साहेबाहिले चपला काढायले लावल्या, पोलीस पाटलाचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, "आता हात पाहा," म्हणून दार लोटलं.

पांढरी भिंत.

मंग तिनं माह्याकडं पाह्यलं. माह्या तोंडाकडं नाई, माह्या नखांकडं. नखांत चुना होता.

"साहेब," ती म्हणे, "चुना मीच मारला. पाव्हने येणार म्हणून मारला. मले अक्कल नाई."

मीठ जास्त पडलं तरी जी बाई मिठालेच दोष देये, तिनं हे म्हणलं.

मोठे साहेब भले होते. ते माह्याकडं वळले. "बाबा, तुम्ही तर इथंच जन्मले. तुम्ही पाहिले होते का ते हात?"

एवढंच विचारलं होतं. 'हो' म्हणायचं होतं. पण हो म्हणलं तं पुढचा प्रश्न येईन का मंग चुना मारू काऊन दिला. मी मान खाली घातली. थाळीचा आवाज ऐकू येऊनही नाई म्हणायले माही जीभ वळे, अन् खरं सांगायची वेळ आली तवा ती टाळूले चिकटली. साहेबाले वाटलं, बुढ्यानं काही पाह्यलं नाई. जाताना बुढीनं त्याहिलेही वही दिली. त्याहिनं लिहिलं, तिनं वाचलं, वही खुंटीले टांगली, चहा ठेवला.

महिन्यानं कागद आला. पुरावा नाई म्हणून यादीत नाव नाई, नवीन काही सापडलं तं कळवावं. तो कागदही तिनं वहीत चिकटवला. म्हणे, "हाही शेराच होय." चुन्याबद्दल मले एक शब्द बोलली नाई. मी वाट पाह्यली का ती भांडन. भांडली असती तं बरं झालं असतं.

दसऱ्याच्या आधी कापूस आला तवा तिनं पयला गठ्ठा त्या पांढऱ्या भिंतीशी लावला. दरवर्षी दाराशी लावे. मी म्हणलं, "इथं काऊन?" ती म्हणे, "इथंच बरा. भिंत दिसत नाई." मले वाटलं, तिले पाहावत नसंन. आता वाटते, मले दिसू नये म्हणून लावला.

मंग थाळी वाजवली, मी नाई म्हणलं, ती बाहेर आली. वहीत काही लिहिलं. "जरा पडते," म्हणून कापसाले टेकून बसली. मी बैलाले पाणी दाखवून आलो तवा ती तशीच बसलेली होती. हाक मारली. मंग जवळ जाऊन पाह्यलं.

दिवस मावळायच्या आत सारं झालं. गाव आलतं. तिले कापसाच्या खोलीतून बाहेर आणायचं होतं, तं आत जाणाऱ्या एकेकानं दाराशी चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. आत सारे हळू बोलत होते. तो मीटरवालाही आला होता. जाताना दारात घुटमळला अन् मले विचारे, "बाबाजी, वही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी न्हाणीत होती तवा मी वही काढली. चष्मा लावून एकेक अक्षर लावत बसलो. मीटरवाला, नर्सबाई, व्याही, सारे भेटले. पण मधात मधात तिच्या हातचंही होतं. ते तिनं मले कधी वाचून दाखवलं नव्हतं. ज्या दिवशी कोणी आलं नाई त्या दिवशी ती माह्याबद्दलच शेरा लिहून ठेवे. 'आज मालक शेतातून आले. जेवले. घर पाहिले नाही.' पान पलटवलं. 'आज मालक आले. पाय दुखतात म्हणे. घर पाहिले नाही.' अशा किती ओळी. पाऊस, पोळा, दिवाळी, घर पाहिले नाही. शेवटची ओळ कालची. 'मालकाला आवाज आला नाही म्हणे. खोटे बोलतात. चांगले आहेत.'

त्याच्या काही पानं अगोदर साहेबांचा शेरा होता. 'हातांचे ठसे आढळले नाहीत. घरमालकिणीने स्वतः भिंतीस चुना लावल्याचे सांगितले.'

मी उठलो. दारातून बाहेर गेलो अन् पाव्हना येते तसा परत आत आलो. ओटा पाह्यला, आढं पाह्यलं. कापसाच्या खोलीपाशी चपला काढल्या. आत जाऊन भिंतीशी लावलेला कापूस दोन्ही हातांनी बाजूले केला. मंग वही मांडीवर घेतली. एक ओळ लिहायले मले शेत वखरायची मेहनत लागते, पण लिहिलं.

'घर पाहिले. चुना मी मारला. कौसल्याने नाही. आत सहा हात आहेत. एकाला चार बोटे, तो माझ्या आज्याचा. मी लहानपणापासून पाहिले. साहेबांनी विचारले तेव्हा मी बोललो नाही. भिंत खरवडून पाहा. महादेव, घरमालक.'