बिबट्याचा सांगाडा आणि वाळ्याचे पडदे

१९५६ साली पनवेलच्या संग्रहालयात सर्वांत प्रामाणिक कर्मचारी होते ते मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीतले भुंगेरे. कर्नाळ्याच्या रानात मेलेला बिबट्या त्यांच्या हवाली केला होता. वाळलेलं मांस खायचं, हाडं स्वच्छ ठेवायची. रजा नाही, चहा नाही, कुरकुर नाही. मंत्री येतील त्या दिवशी सांगाडा तयार असला, तर संग्रहालय सांभाळणारे कमळाकर टिपणीस नोकरीत कायम, नाहीतर घरी.

ऐन वैशाखात भुंगेऱ्यांनी खाणं सोडलं. कमळाकरांनी भिंग लावलं. एकेकाच्या पाठीवर टाचणीच्या टोकाहून बारीक, फिकट गोचिड्या दाटीवाटीने बसल्या होत्या.

"सायेब, भुंगेऱ्यांचा उपास हाय का?" झाडलोट करणाऱ्या भामाने विचारलं.

उपाय कमळाकरांना ठाऊक होता: खोली कोरडी ठेवायची. पण वर कळवल्याशिवाय उपाय करायची पद्धत नव्हती. कळवलं. पाहणीला वरच्या कचेरीतले धर्मराजसाहेब आले. त्यांना उकडलं, म्हणून खिडकीला वाळ्याचा पडदा लागला आणि भामा त्यावर दिवसभर पाणी मारू लागली. ओल वाढली, गोचिड्या वाढल्या. तेही कळवलं. मग आणखी दोन साहेब आले. दारालाही पडदा लागला.

"साहेब, हे पडदे जरा..." कमळाकरांनी एकदा धर्मराजसाहेबांपुढे धीर केला.

"सुकलेत ना? मीही तेच म्हणणार होतो. टिपणीस, तुमचं लक्ष असतं हो! तुमच्याबद्दल वर चांगलं सांगायला हवं."

कमळाकरांनी स्वतःच बादली उचलली.

मंत्री आले तेव्हा बिबट्या अर्धा सांगाडा होता आणि अर्धा बिबट्याच होता. त्याला झेंडूचे हार घालून मंडपात उभा केला. मंत्र्यांनी भिंगातून पेटी न्याहाळली. भुंगेरे उताणे पडले होते. गोचिड्यांची मात्र धावपळ चालली होती.

"वा! काय तत्पर मंडळी!"

"आमच्या देखरेखीखाली वाढली, साहेब," धर्मराजसाहेब लाजले.

"आणि हे लोळताहेत ते?"

"ते टिपणीसांचे."

कमळाकर त्याच संध्याकाळी घरी गेले. गोचिड्या कायम झाल्या.

मंडपात वास सुटला होता. आपण सगळेच होतो तिथे, नाकाला रुमाल लावून. मंत्री म्हणाले, "किती स्वच्छ काम!" टाळीला दोन हात लागतात, म्हणून आपण रुमाल खिशात ठेवले.