चुली मोजणाऱ्याचा अंदाज

माणसे मोजणे फार कठीण. ती हलतात, खोटे बोलतात आणि जेवायच्या वेळी वाढतात. चूल यातले काहीच करत नाही. म्हणून आमच्या कचेरीचा नियम असा, की चुली मोजाव्या आणि दर चुलीला पाच माणसे धरावी. अमरावतीतल्या चुली मोजायला मी, नत्थुजी कारकून, होतो. माझ्यासारखा हुशार माणूस वऱ्हाडात दुसरा नसावा (निदान मला तरी भेटलेला नाही).

तिकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे आपल्या कापसाला भाव चढला. बाहेरगावचे गाडीवान बाजारात येऊन राहू लागले. त्यांच्या चुली पहिल्या वर्षी चाळीस, दुसऱ्या वर्षी ऐंशी, तिसऱ्या वर्षी एकशेसाठ. (गाडीवान नाना जातींचे, एकमेकांच्या हातचे खात नाहीत, म्हणून एकेकट्याची चूल वेगळी. हे मला ठाऊक होते. पण नियमात पाच लिहिले होते.) दरसाल दुप्पट, या हिशेबाने दहा वर्षांत अमरावती आणि अकोला एकच गाव होणार होते. मधल्या मूर्तिजापूरला आम्ही विचारले नाही.

एवढी माणसे राहणार कुठे, या काळजीने मला अन्न गोड लागेना. घरामागे माझ्या बायकोचा, सत्यवतीचा, वांग्यांचा मळा होता. तिच्या बापाने आंदण दिलेला. तो मोडून मी भाड्याच्या बारा खोल्या बांधल्या.

"मले पुसलं काहून नाई?" ती म्हणाली. "आता वांगी कुठी लावू, तुमच्या डोक्श्यावर?"

"वांग्यायचं काय घेऊन बसली? माणसं येऊन राहिली," मी म्हणालो.

पुढे अमेरिकेतली लढाई थांबली, भाव कोसळला आणि गाडीवान आपापल्या गावी निघून गेले. चुलींचे दगड तेवढे मागे राहिले. मी ते मोजले. तीन दगडांची एक चूल, चुलीला पाच माणसे. त्यामुळे कचेरीच्या दृष्टीने गावातून कोणीही गेलेले नाही.

माझ्या बारा खोल्यांपैकी एक मात्र भरली. सत्यवतीने तिथे आपली वेगळी चूल मांडली आहे. तिच्या भाजीचा वास इकडे येतो (वांगी बाजारची) आणि मी माझ्या चुलीवर भाकरी करपवत बसतो. फार वाईट वाटते. पण गणती ती गणती: गेल्या वर्षी घरात चूल एक, यंदा दोन. म्हणजे माणसे दहा झाली. दहांपैकी माझ्याशी कोणी बोलत नाही.

तुम्ही हसत असाल. तुमच्या घरी आज एकच चूल आहे ना? गेल्या वर्षी आमच्याकडेही एकच होती.